कूलर चालू असताना ऐकू येणारे स्पीकर: नागपूरच्या हॉलसाठी काय घ्यावं, आणि आम्ही घेतलेली एडिफायरची जोडी

स्पीकर घ्यायला निघालं की जो तो एकच विचारतो, किती वॅटचे पाहिजे? दुकानदार तेच विचारतो, शेजारचे काका तेच विचारतात, आणि ऑनलाइन पाहायला गेलं तर डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच लिहून असतं. माझं म्हणणं असं की नागपुरात राहत असाल तर पहिले हे सांगा, तुमचा कूलर किती आवाज करतो? हसू नका. मार्चच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत आपल्या हॉलमध्ये खिडकीत कूलर घरघरत असतो, आणि टीव्ही, गाणी, मॅच, सिरीयल सगळं त्याच्यावरूनच ऐकायचं असतं. दुकानातल्या एसी रूममध्ये काचेसारखा स्वच्छ वाटलेला आवाज घरी आणला की अर्धा कूलरच खाऊन टाकतो.

आमचं घर मानेवाड्याकडे, तिसरा मजला, हॉल बारा बाय चौदाचा, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंती साध्या प्लास्टरच्या, एका खिडकीत लोखंडी डब्याचा कूलर. मला सोडून ऐकणारे चार जण आणि चौघांची चार तऱ्हा. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, संध्याकाळच्या बातम्या आणि एक सिरीयल, पण त्यांना आजकाल कमी ऐकू येतं. आईंना सकाळी अभंग आणि जुनी नाट्यगीतं. आमच्या ह्यांना मॅच आणि मारधाडीचे सिनेमे, आणि पोराला गेम. मला स्वतःला रात्री सगळे झोपल्यावर हळू आवाजात गझल ऐकायची असते, म्हणजे माझी गरज सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शेवटी मोजली जाणारी. हे एवढं सांगून राहिले कारण स्पीकर कोणता चांगला ह्याचं उत्तर ह्याच्यातच आहे, ह्याच्याबाहेर नाही. "बेस्ट स्पीकर" म्हणून जी यादी फिरत असते ती कोणाच्या हॉलसाठी हे त्या यादीत लिहून नसतं.

आता वॅटचं एकदा उरकून टाकू. पीएमपीओ नावाचा आकडा डब्यावर दिसला, पाच हजार, दहा हजार, तर तो वाचूच नका, त्या आकड्याला कुठलं ठरलेलं माप नाही, कंपनीच्या मनाला येईल तो छापता येतो. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ती खरी ताकद. आणि त्याच्यातही गंमत अशी की वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्याच्यासाठी वॅट दहापट. म्हणून ४० वॅट आणि ६० वॅटवाल्यात जो फरक दुकानदार हात पसरून सांगतो तो तुमच्या सोफ्यावर पोचता पोचता संपून गेलेला असतो. त्याच्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी पाहा, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल मिळतो. घरगुती बुकशेल्फ स्पीकरचा (कपाटात-टेबलावर मावतो तो छोटा) आकडा बहुतेक ८४ ते ८८ मध्ये असतो. ८६ धरा. आमचा सोफा टीव्हीपासून तीनेक मीटरवर, तिथे पोचेपर्यंत आठ-दहा डेसिबल गळतात, बंद खोलीत भिंतींमुळे थोडे परत मिळतात. म्हणजे एका वॅटात सोफ्यावर ७८ च्या आसपास. आमचा कूलर फुल स्पीडवर असताना फोनच्या ॲपवर सोफ्यापाशी साठच्या आसपास दाखवतो, ते ॲप काही प्रयोगशाळेतलं यंत्र नाही पण अंदाज यायला पुरतं. घ्या, एका वॅटनं कूलर हरला! बाकीचे वॅट लागतात ते तबल्याच्या थापेला, सिनेमातल्या धमाक्याला, जिथे क्षणभर आवाज दहा-बारा डेसिबल उसळतो. तेवढ्यासाठी बारा बाय चौदामध्ये एकेका स्पीकरमागे वीस वॅट खरे असले की भागतं.

मग कूलर चालू असताना ऐकू काहून येत नाही? तर आवाज कमी असतो म्हणून नाही, स्पष्ट नसतो म्हणून. स, श, त, फ, ख ही जी व्यंजनं आहेत त्यांची ताकद वरच्या पट्टीत, दोन हजार हर्ट्झच्या वर, आणि कूलरची सूंऽऽ नेमकी तिथपर्यंत पसरून असते. शब्दाचा स्वर ऐकू येतो, व्यंजन बुडतं. त्याच्यात वयानं कान जातो तो पण वरच्या पट्टीकडूनच जातो, म्हणून म्हातारी माणसं म्हणतात की "आवाज येऊन राहिला पण बोलते काय ते समजत नाही", आणि आपण आवाज वाढवतो, त्याच्यानं स्वरच वाढतो आणि ते म्हणतात ओरडू नका. त्याच्यात आजकालच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले, म्हणजे निवेदक भिंतीशी बोलते आणि भिंत आपल्याला सांगते. समोर तोंड असलेला कुठलाही बरा स्पीकर लावला की निम्मं दुखणं तिथेच जातं, हे मी पैजेवर सांगते.

दुकानांचं सांगते. बर्डीच्या गल्ल्या, धरमपेठ, सदर, सगळीकडे पाहिलं. बर्डीत माल भरपूर आणि भाव खाली, पण तिथे ऐकायला जाऊ नका, कारण एका दुकानाचा बेस दुसऱ्या दुकानात जाऊन राहिलेला असतो आणि रस्त्यावरचा हॉर्न दोन्हीत. तिथे किंमत कळते, आवाज नाही. धरमपेठेकडच्या एका शोरूममध्ये (नाव नाही सांगत) वेगळी डेमो रूम होती, खाली जाड गालिचा, भिंतीला फोमचे चौकोन, मऊ सोफा, आणि पोरगं मोठं हुशार, त्यानं लावलं ते हेलिकॉप्टरवालं डेमो. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं, ह्यांचे डोळे मोठे झाले, मी म्हटलं भाऊ, बातम्या लावा. तो म्हणे ताई, बातम्यांत काय मजा येणार? पण आमच्या घरी हेलिकॉप्टर उडत नाही ना, बातम्याच लागतात. बातम्या लावल्यावर त्याच सव्वा लाखाच्या सेटमध्ये निवेदिकेचा आवाज डब्यात बसून बोलल्यासारखा. सेटिंगचा दोष असेल, पण त्याला ते सेटिंग बदलता आलं नाही, आणि विकणाऱ्याला येत नाही ते घरी आम्हाला कोण करून देणार होतं.

तेव्हा ऐकायला जाताना आपली गाणी आपल्या फोनमध्ये डाऊनलोड करून न्या, दुकानाच्या वायफायवर आणि त्यांच्या डेमोवर राहू नका. माझी निवड अशी होती: एक बाईच्या आवाजातला अभंग, एक पुरुषाच्या खर्जातलं नाट्यगीत, एक नुसता तानपुरा आणि तबला, आणि मराठी बातम्यांची एक क्लिप. अभंगात टाळ ऐका, टाळ कानाला टोचला तर ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, घरच्या टाइल्सवर अजून टोचणार. खर्जाचा आवाज छातीतून आल्यासारखा वाटला पाहिजे, ड्रममधून नाही. तबल्यात डग्ग्याची मींड, ती जी घुमत वर चढते ना, ती सलग ऐकू आली पाहिजे, नुसती धप धप आली म्हणजे तो स्पीकर एकाच सुरावर बेस देऊन राहिला. वसंतराव देशपांडे सभागृहात नाहीतर सुरेश भट सभागृहात एखादी मैफल ऐकून असाल तर खरा तबला कसा वाजतो हे कानाला माहीत असतंच, तेवढं पुरे, फार शास्त्र लागत नाही. आणि दोन स्पीकर एकाला एक लावून पाहताना दोघांचा आवाज सारखा करायला लावा. थोडा जोरात असलेला माणसाच्या कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि ज्यात मार्जिन जास्त तो दोन घरं वर ठेवून ऐकवणं विकणाऱ्याला फार सोपं असतं. शेवटी एकदा अगदी हळू आवाजात ऐका. रात्री दहानंतर घरात तसंच ऐकायचं असतं, आणि बरेच दणदणीत स्पीकर हळू केले की मरून पडतात.

आता काय काय मिळतं ते. पाच-एकचा होम थिएटर डबा, म्हणजे पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर (नुसत्या खोल बेसचा वेगळा डबा), हा आमच्या ह्यांचा लाडका. मी त्याच्या विरोधात. मागचे दोन स्पीकर कानाच्या मागे-बाजूला पाहिजेत, आणि आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटलेला असतो, मागे जागाच नाही, मग ते स्पीकर लोक समोरच टीव्हीच्या बाजूला मांडून ठेवतात नाहीतर छताजवळ खिळ्याला टांगतात, आणि वायर टाइल्सच्या कडेनं सेलोटेपनं चिकटवलेली. सोफा भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घ्यायची तयारी असेल आणि महिन्यात चार-पाच सिनेमे पाहत असाल तरच घ्या, तेव्हा मात्र मजा येते, खोटं कशाला बोलू.

ट्रॉली स्पीकर, चाकं आणि लाइटवाला, माइक जोडता येतो तो, हळदीला आणि गच्चीवर छान. हॉलमध्ये नको.

साउंडबार ही खरी स्पर्धक. एक लांब पट्टी टीव्हीखाली ठेवली, एक एचडीएमआय वायर लावली, झालं. त्याचा मोठा फायदा आवाजाचा नाही, रिमोटचा आहे. टीव्हीच्या एचडीएमआय एआरसी लिहिलेल्या भोकात लावला की टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्हीसोबत चालू-बंद होतो. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, म्हणजे घरचा टीव्ही अगदी जुना नसेल तर बहुतेक असते, पण तीनपैकी एकाच भोकात असते, लिहिलेलं पाहून लावा. बऱ्याच साउंडबारमध्ये डायलॉग का व्हॉइस असं बटण असतं, ते मधली-वरची पट्टी उचलतं, आमच्या बाबांसारख्यांना खरंच उपयोगाचं. घरात फक्त टीव्हीच पाहायचा आहे आणि म्हातारं माणूस एकटं टीव्ही लावतं, तर फार विचार न करता मधला स्पीकर वेगळा असलेला साउंडबार घ्या, डब्यावर ३.१ लिहिलेलं असतं त्यातला पहिला आकडा तीन म्हणजे डावा, उजवा आणि मधला, बोलणं बहुतेक त्या मधल्यातूनच येतं. २.१ मध्ये मधला नसतो. "डॉल्बी" नुसतं लिहिलेलं असलं म्हणजे सगळं असतं असं नाही, एका ठिकाणी मला दोन स्पीकरच्या पट्टीवर स्टिकर दाखवून "ह्याच्यात पाचही येतात" म्हणून सांगत होते. येत नाहीत. दोन म्हणजे दोन.

पण साउंडबारवर नाट्यगीत ऐका आणि मग सांगा. डावा-उजवा स्पीकर दोन-अडीच फुटांत कोंबलेला, त्यामुळे ऑर्गन, तबला, गाणारा सगळे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे वाटतात. आईंनी एकदा ऐकून सांगितलं, "हे रेडिओसारखंच वाटून राहिलं, मग रेडिओ काय वाईट होता?" आईंचा कान आकाशवाणी नागपूरवर तयार झालेला, त्यांच्यासमोर स्टिकर चालत नाही.

म्हणून आम्ही घेतली ती जोडीची, ॲक्टिव्ह बुकशेल्फ. ॲक्टिव्ह म्हणजे ॲम्प्लिफायर स्पीकरच्या पोटातच, वेगळा डबा नको. एडिफायर आर १२८० डीबी. भाव आम्ही घेतले तेव्हा दहा हजारांच्या आसपास, सेलमध्ये खाली येतो. ४२ वॅट आरएमएस, म्हणजे एकेकाला २१, चार इंची वूफर (जाड सुरांचा स्पीकर), १३ मिलिमीटरचा सिल्क डोम ट्वीटर. मागे ऑप्टिकल, कोॲक्सियल (टीव्हीचा डिजिटल आवाज घेणारी दोन भोकं), दोन साधे लाल-पांढरे इनपुट, आणि ब्लूटूथ. उजव्या स्पीकरच्या बाजूला तीन बटणं, आवाज, बेस, ट्रेबल. किंचित मागे कललेले असतात, त्यामुळे टीव्ही युनिटसारख्या बुटक्या जागेवर ठेवले तरी तोंड कानाकडे येतं, ही बारीक गोष्ट मला फार आवडली. बेसचं भोक समोर आहे, म्हणून भिंतीच्या जरा जवळ ठेवले तरी चालून जातं.

आवाज? बाईचा आणि पुरुषाचा आवाज ह्या भावात मला इतका मोकळा दुसऱ्या कशात नाही मिळाला. खर्ज भरदार, टाळ टोचत नाही. ट्रेबलचं बटण मधल्या खुणेच्या थोडं वर ठेवलं की कूलर चालू असतानाही बातम्यांतला शब्द न् शब्द लागतो, बाबांनी स्वतः आवाज दोन घरं कमी करायला सांगितला, आमच्या घरात ही मोठीच बातमी. गझल हळू आवाजात पण जिवंत राहते. खोल बेस मात्र मागू नका, पन्नास-पंचावन्न हर्ट्झच्या खाली विशेष काही नाही, सिनेमातला स्फोट "धाड" येतो, "धाऽऽड" नाही येत. चार इंची वूफर आणि एवढ्याशा लाकडी पेटीकडून ते येणारही नाही, हॉफमनचा नियमच आहे, पेटी छोटी, बेस खोल आणि कमी वॅटात आवाज मोठा ह्या तिन्हीपैकी दोनच मिळतात. छोट्या पेटीतून बेस काढायची धडपड फार जुनी, अमेरिकेत एडगर विल्चरनं १९५४ मध्ये बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं राबवून एआर-१ काढला तेव्हापासून. पण त्याच्यासाठी सुद्धा दुसरीकडे किंमत मोजावीच लागते, तो स्पीकर पॉवर खायचा. ज्यांना सबवूफर नंतर जोडायचा आहे त्यांनी डीबी नाही, डीबीएस बघावा, त्याला सबसाठी वेगळं भोक दिलं आहे, डीबीला नाही.

दोन गोष्टी घेण्याआधी माहीत असाव्यात. एक, ह्याला एचडीएमआय नाही, टीव्ही ऑप्टिकलनं जोडावा लागतो, आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट पीसीएम करावं लागतं, नाहीतर डॉल्बीत आलेला कार्यक्रम लागला की आवाज गप्प, आणि माणूस समजतो स्पीकर खराब. दोन, ऑप्टिकलवर टीव्हीच्या रिमोटनं आवाज कमी-जास्त होत नाही, स्पीकरचा स्वतःचा छोटा रिमोट वापरावा लागतो. बाबांना दोन रिमोट म्हणजे वैताग. आम्ही छोट्या रिमोटवर लाल टेप लावून दिली, "आवाजाचा तो लाल", आता जमतं. पण तुमच्या घरी नाही जमणार असं वाटत असेल तर वर सांगितलेला साउंडबारच बरा, तिथे आवाजाचा हट्ट धरू नका. ब्लूटूथनं टीव्ही जोडायच्या भानगडीत तर पडूच नका, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. ब्लूटूथ फोनवरच्या गाण्यांना ठेवा. त्यातही साध्या एसबीसीवर (ब्लूटूथनं आवाज पाठवायची नेहमीची पद्धत) फार तर ३२८ केबीपीएस जातात आणि सोनीच्या एलडॅकवर ९९० पर्यंत, पण कूलर चालू असताना ह्या दोघांतला फरक ऐकू येतो म्हणणाऱ्याला माझा नमस्कार.

ठेवायचं कसं ह्याच्यावर खरं तर लोक दहा हजार जास्त खर्च करून जे मिळवायला बघतात ते फुकट मिळतं. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं ह्यांचा साधारण समभुज त्रिकोण झाला पाहिजे, ट्वीटर कानाच्या उंचीला, तोंडं जराशी आत वळवलेली. टीव्ही युनिटच्या खणात कोंबू नका, खण स्वतःच वाजतो. कोपऱ्यात सारू नका, एकेक भिंत जवळ आली की बेस फुगतो आणि शब्द गढूळ होतात. खोलीचा स्वतःचाही एक गुंजणारा सूर असतो, तो तिच्या लांबीवर ठरतो: बारा फुटांत ४७ हर्ट्झच्या आसपास, चौदा फुटांत ४० च्या. म्हणजे तिथे बेस काही जागी डबल आणि काही जागी गायब. म्हणूनच एकच सबवूफर सोफ्याच्या एका टोकाला छाती हलवतो आणि दुसऱ्या टोकाला बसलेला म्हणतो बेस कुठे आहे. सोफा अर्धा फूट सरकवून पाहा, स्पीकर बदलायच्या आधी.

आणि टाळी वाजवून पाहा. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवल्यावर झिंगऽ असा मागून आवाज आला तर ते टाइल्स आणि उघड्या भिंतींचं काम, कोणताही स्पीकर आणा, तो तिथे टोचणारच. आम्ही सोफा आणि टीव्हीच्या मध्ये सतरंजी टाकली, खिडक्यांना जाड पडदे, ते उन्हासाठी लावायचेच होते, आणि पुस्तकांचं कपाट समोरून उचलून सोफ्याच्या मागच्या भिंतीच्या उरलेल्या तुकड्याला नेलं. खर्च सतरंजीचा. फरक पाहुण्यांना पण कळतो, कारण त्यांचं बोलणंही नीट ऐकू येतं.

नागपूरचं म्हणून अजून थोडं. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता, आणि ४४-४५ तर आपण दरवर्षी काढतोच. स्पीकर पश्चिमेच्या खिडकीच्या उन्हात ठेवू नका. वूफरच्या कडेला जी लवचिक पट्टी असते ती फोमची असेल तर काही वर्षांनी भुगा होऊन पडते, आणि ऊन लागलं तर लवकर. रबराची टिकते. जुना सेकंड हँड घेताना, कोलकात्याच्या सोनोडाइनचे किंवा बाहेरच्या कंपन्यांचे जुने चांगले पॅसिव्ह स्पीकर (ज्यांना ॲम्प्लिफायर वेगळा लागतो ते) मिळतात कधी कधी, ही पट्टी बोटानं हलकेच दाबून पाहा, करकरली का भुरभुरली तर भाव पाडा नाहीतर सोडा. ॲक्टिव्ह स्पीकरच्या मागे ॲम्प्लिफायर गरम होतो, त्यातले कपॅसिटर उष्णतेनं लवकर म्हातारे होतात, म्हणून मागे चार बोटं हवा खेळायला जागा ठेवा आणि रात्री मागच्या बटणानं बंद करा, नुसता रिमोटनं नाही. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, बारीक तुषार येतात, बोअरचं खारं पाणी असेल तर पांढरे डाग पडतात आणि वूफरचा कागदाचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, ओल धरतो. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की प्लग काढायचा, हे टीव्हीसाठी करताच, ह्यासाठी पण करा.

सबवूफरचा मोह आवरा असं मी फ्लॅटवाल्यांना सांगेन. बेस भिंतीतून आणि स्लॅबमधून जातो, खालच्यांना गाणं ऐकू येत नाही, नुसतं धम् धम् येतं, आणि तेच जास्त छळतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. पंचेचाळीस म्हणजे किती कमी हे एकदा ॲप लावून पाहाच, आमचा पंखाच तिथवर जातो.

ऑनलाइन घ्यावं का दुकानातून? आम्ही दुकानातून घेतले, ऑनलाइनपेक्षा थोडे जास्त दिले, कारण सदरकडच्या त्या दुकानदारानं दोन दिवस घरी लावून पाहा म्हटलं, डबा आणि थर्मोकोल जपून ठेवायच्या अटीवर. हे मागायला लाजू नका, नाही म्हणाला तर पुढचं दुकान. गॅरंटीचं विचारताना दोनच गोष्टी विचारा, माल कंपनीच्या अधिकृत बिलावर आहे का, आणि बिघडला तर नागपुरातच घेतात का मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो, कारण जड स्पीकरचं कुरिअर भाडं ऐकून घाम फुटतो. गॅरंटी संपल्यावर वूफरचं कॉइल जळलं तर फेकू नका, डीजेवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारे लोक कोन आणि कॉइल बदलून देतात, फक्त छोट्या घरगुती स्पीकरला हात लावायला ते जरा कुरकुरतात.

माझे गुण? आवाजाला साडेचार, रिमोटच्या भानगडीला तीन, दिसायला चार, लाकडी रंगाचे आमच्या कपाटाला जुळतात. आमच्या ह्यांचं मत विचारलं तर ते अजूनही हेलिकॉप्टरच्याच गोष्टी करतात, त्यांच्यासाठी हेडफोन पाहून राहिले.

हां, वायरचं सांगायचं राहिलं, कारण हे मी दोन घरी पाहिलं आहे. पॅसिव्ह स्पीकर घेतले तर हजारो रुपयांची वायर घेऊ नका, साध्या तांब्याची १४ किंवा १६ गेजची वायर आपल्या हॉलच्या अंतराला भरपूर झाली. पण जोडताना दोन्हीकडे लाल लालला आणि काळं काळ्याला आहे ना ते बघा. एका बाजूला उलटं लागलं तर स्पीकर वाजतात, सगळं ठीक वाटतं, फक्त बेस नाहीसा होतो आणि गाणारा मधून येण्याऐवजी कुठून तरी इकडून तिकडून येतो. ओळखीच्या एका घरी तर नवीन सेट घ्यायची बोलणी चालली होती, मागची वायर पलटवली आणि सगळे गप्प बसून ऐकू लागले.